दाराजवळची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय सुमंतराव, प्राचार्या कौशल्याताई, सत्कारमूर्ती देवपुजारी सर, सरांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी यमुताई, थेट रामटेकहून आणि जरीपटक्याहून आलेले माजी विद्यार्थी, आणि मागे कूलरशी झटापट करत असलेले आमचे शिपाई रामाजी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी प्रेमिला. आधी सरांची विद्यार्थिनी, मग इलेक्ट्रॉनिक्स विभागातली त्यांची सहकारी. मघाशी प्राचार्या मॅडमनी सांगितलंच, की सरांच्या निवृत्तीबरोबर आपला विभागही बंद होतोय, यंदापासून नवे प्रवेश नाहीत. म्हणजे हार एक आणि निरोप दोन! मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलंय. आज ते जमेलसं वाटत नाही.

सरांचा पहिला तास आठवतो का कुणाला? विषय अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर. सर म्हणायचे, "तांबं म्हणजे जत्रा, इलेक्ट्रॉन वाटेल तिकडे फिरतात. रबर म्हणजे माझी सासुरवाडी, कोणी जागचं हलत नाही." यमुताई, हसू नका, तुमच्यासमोर पहिल्यांदाच सांगतेय. "सिलिकॉन या दोघांच्या मधलं. शुद्ध असलं की फारसं कामाचं नाही. त्यात बोरॉनची चिमूटभर भेसळ करायची. बोरॉनकडे एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून एक जागा रिकामी राहते. तिला म्हणायचं होल. त्या रिकाम्या जागेवरच तर आपलं पोट चालतं!"

त्या तासाला मी उशिरा पोचले होते. धानाच्या बांधावरून उठून आलेली पोरगी, रामटेकची बस चुकलेली, दारात उभी. वर्ग गच्च. रिकामी जागा एकच, ती पार पलीकडे खिडकीशी. मला वाटलं, आता हाकलतात. सरांनी सगळ्या रांगेला एकेक जागा खिडकीकडे सरकायला लावलं. पोरं खिडकीकडे सरकली आणि रिकामी जागा दाराकडे आली. मी विचारलं, "सर, बसू का?" तर म्हणाले, "काहून नाही वं? तुझ्यासाठीच चालत आली ना ती!" मग वर्गाला म्हणाले, "होल आपण होऊन चालत नसतं. शेजारचा सरकतो म्हणून ते पुढे जातं. आणि शेवटी बाहेरच्या तारेतून नवा इलेक्ट्रॉन यावा लागतो, नाहीतर प्रवाह बंद."

आमच्या स्टाफरूमचीही रीत हीच. सगळ्यात ज्येष्ठ माणूस कूलरसमोर. तो निवृत्त झाला की प्रत्येकानं एक खुर्ची पुढे सरकायचं, आणि दाराजवळची जागा नव्या माणसाला. मे महिन्यात त्या दाराजवळ काय भाजून निघतं, ते मी सोसलंय! पण तिथं बसलं की कळायचं, आपण या घरातले झालो.

मग आमच्यातले मधुसूदन सर निवृत्त झाले. आम्ही सरकलो, दाराशी कोणी आलं नाही. रितिका नोकरी सोडून गेली. पुन्हा सरकलो, पुन्हा कोणी नाही. आधी माणसं भरली नाहीत, मग म्हणायचं, या शाखेला पोरं येत नाहीत. कशी येतील? पेपरात रोज चिपच्या कारखान्यांच्या बातम्या, आणि चिप कशाची असते ते शिकवणारा विभाग आपण बंद करतोय. अध्यक्ष महोदय, मला याचा राग येतो. सरांच्या निरोपाला राग बरा दिसत नाही, पण काय करू, रडण्यापेक्षा बरा.

आज सकाळी रामाजींनी सरांचं टेबल पुसलं आणि मला विचारलं, "मॅडम, उद्यापासून कूलरसमोर तुम्ही ना? मंग दारापाशी कोण बसन?" मी म्हटलं, मी सरकणारच नाही, सरांची खुर्ची राहू दे तशीच. सर ऐकत होते. म्हणाले, "नाही वं प्रेमिला, तू सरक. तू नाही सरकली तर जागा माझ्यापाशीच अडकून पडन. दारात कोणी उभं असलं तर त्याले दिसन कशी?"

म्हणून उद्या मी सरकणार आहे. कूलरसमोर बसेन, शेवटच्या वर्षाची उरलेली पोरं शिकवेन आणि दाराकडे बघत राहीन. कोणी येईल असं मला वाटत नाही. खोटं कशाला बोलू?

सर, तुम्ही मला जागा दिलीत. मला ती पुढे देता येत नाहीये, याचं फार वाईट वाटतंय.

आपण सगळे एवढ्या उकाड्यात आलात, शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती चूक पदरात घ्या. आणि जाता जाता एक विनंती. व्यासपीठावर सोफा कमी पडला, म्हणून आमच्या स्टाफरूममधून एक खुर्ची आणली आहे. तिच्या हाताला सरांनी गुंडाळलेली लाल टेप आहे. अध्यक्ष महोदय, आपण बसला आहात तीच ती, दाराजवळची. कार्यक्रम झाला की रामाजी ती न्यायला येतील. तेवढी आम्हाला परत द्या.