बंद घरांचे शून्य

जबाब देणार: तापाच्या सर्वेक्षण प्रकरणातील दुसरी साक्षीदार. वय ४३ वर्षे. व्यवसाय नोकरी, आरोग्य खात्यात आकडेतज्ज्ञ. राहणार कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, मोठ्या बहिणीसोबत.

आज सकाळी साडेदहाला बोलावल्यावरून स्वतः ठाण्यात येऊन सांगते, की डासांमुळे पसरणाऱ्या तापाचे गणित मांडणे हे माझे आठ वर्षांपासूनचे काम आहे. किती घरांच्या पाण्यात अळ्या सापडल्या, डास किती दिवस जगतो, किती जणांना चावतो, हे आकडे घालून पुढच्या तीन आठवड्यांत ताप कुठे वाढेल ते मी काढते. त्या यादीप्रमाणे फवारणीची गाडी जाते. हवालदारांनी "म्हणजे ज्योतिषच की," असे म्हटले. ज्योतिष नाही, असे मी सांगितले.

अळ्यांचे आकडे सर्वेक्षण पथक आणते. पथकाची प्रमुख माझी मोठी बहीण आहे. तिला मी ताई म्हणते. घर तपासले की दारावर खडूने तारीख व अळ्यांचा आकडा लिहायचा आणि तोच वहीत उतरवायचा, अशी पद्धत आहे. घराला कुलूप असेल तर रकाना रिकामा सोडायचा व पुन्हा जायचे. रिकामा म्हणजे माहीत नाही. शून्य म्हणजे बघितले, काही नाही. हा फरक मी पथकाला दरवर्षी घसा कोरडा करून सांगते.

गेली दोन वर्षे आमच्या वसाहतीच्या मागच्या गल्लीतला ताप माझ्या गणिताप्रमाणे संपायला हवा होता. तो संपत नव्हता. कमी व्हायचा आणि पुन्हा डोके वर काढायचा. मी सूत्रे चार वेळा नव्याने मांडली. माझीच अक्कल कमी पडते असे मला वाटू लागले होते. ताई मला चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "तुझंच कुठेतरी चुकत असेल गं. नीट बघ."

गेल्या महिन्यात त्या गल्लीत राहणारे चष्म्यांचे दुकानदार, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, तापाने वारले. माझ्या यादीत गल्ली सर्वांत खाली होती, म्हणून गाडी गेली नव्हती. त्यांच्या पत्नीने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

या महिन्याच्या १२ तारखेला सकाळी अकराला मी स्वतः त्या गल्लीत गेले. चष्मेवाल्यांच्या शेजारच्या घराला गंजलेले कुलूप होते. दारावर खडूने सहा तारखा आणि सहा शून्ये होती. समोरच्या आजी म्हणाल्या, "चार वर्षं बंद आहे हे. आत कोण गेलं बाई?" सोबत नेलेल्या सफाई कामगाराने शिडी लावून गच्चीवरची टाकी पाहिली. तिला झाकण नव्हते, पाणी अळ्यांनी वळवळत होते. डासांना कुलपाची किल्ली लागत नाही. त्या गल्लीत अशी नऊ घरे निघाली. वहीत नऊही घरांपुढे शून्यच होते.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी ताईला विचारले. ती म्हणाली, "रकाना रिकामा दिसला की वरून बोलणी खायची, पुन्हा जिने चढायचे. माझे गुडघे बघितलेस का? शून्यानं कुणाचं काय बिघडतं?" मी म्हटले, "मला दोन वर्षं वेड्यासारखं बसवून ठेवलंस." ती भाजी परतत राहिली.

ताईने काल दिलेला जबाब मला आज वाचून दाखवला. पथकाने रकाने रिकामेच ठेवले होते, संगणकात भरताना बहिणीनेच वहीतही शून्ये घातली, असे त्यात आहे. हे धादांत खोटे आहे. वहीतली शून्ये आपली नाहीत म्हटले तर सगळे माझ्यावर येते, हे तिला समजते. परक्याने केले असते तर मी भांडले असते. ताईने केले, म्हणून भांडणे सोडाच, मला नुसते बसवतही नाही.

सर्वेक्षणाची वही मला दाखवून, शून्ये कोणाच्या हातची ते ओळखता येते का, असे विचारले. येते. हे ताईचे अक्षर आहे. आई गेल्यावर मला पाटीवर आकडे तिनेच गिरवायला लावले. माझे शून्यही असेच, वरून थोडे उघडे राहते, म्हणून दोघींच्या अक्षरांचे नमुने घ्यावेत.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सख्खी बहीण आहे, काही बदलायचे का, असे त्यांनी दोनदा विचारले. नाही म्हणाले व सही केली.