मामाजींच्या ताटात चीज

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, तसे फार शांत. पण एकदा ते माझ्यामुळे ताटावरून उठले होते.

आमचं घर मासेमारी करणारं. पण मामाजींचा धाकटा भाऊ तलावात जाळं टाकताना बुडाला, तेव्हापासून घरात मासोळी शिजली नाही. मामाजी जेवायचे, तेही पोटापुरतंच.

माझ्या भावानं दुबईहून हलूमी नावाचं चीज आणलं. ते तव्यावर वितळत नाही म्हणे. मी जाड काप केले, हळद-तिखट लावून खरपूस भाजले आणि भातासोबत वाढले.

मामाजींनी हात मागे घेतला. "मासोळी काहून केली?"

"मासोळी नाही मामाजी, दुधाचं चीज आहे."

"मले शिकवून राहिली? जनम गेला माहा मासोळ्या पकडण्यात."

ते उठले. माझ्या नवऱ्यानं खाली मान घातली. मी उरलेलं कच्चं चीज आणून त्यांच्यापुढे धरलं. "पाहा बरं, पांढरं आहे. तुमाले फसवीन का मी?"

त्यांनी ते हुंगलं. मग खाली बसले आणि भाजलेला तुकडा मोडून तोंडात टाकला. चावता चावता त्यांचे डोळे भरून आले.

"याले काटा नाही," ते म्हणाले. "लहानपणी धाकट्याले मीच काटे काढून देत होतो."

त्यांचा भाऊ गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी पुन्हा भात मागितला.