गार पाण्यातलं गोडपाणी

मंडळी, ऐका! साधा प्रश्न आहे. पाण्यात साखर घातली, ढवळली, तरी विरघळली नाही — तर दोष कुणाचा? साखरेचा? पाण्याचा? की ढवळणाऱ्याचा?

हसू नका! गार चहात साखर घालून बघा. पहिला घोट कडू आणि गोडवा सगळा तळाशी! परवा एका यजमानांनी आम्हाला तसाच पाजला. नाव सांगत नाही, समोरच बसलेत!

तर एका गावात अंबादास नावाचा गाठीवाला होता. पाडव्याला पोरांच्या गळ्यात घालतो ना आपण, त्या साखरेच्या गाठी करणारा. पाकातला मोठा जाणकार! आणि त्या गावची एक रीत होती, गोडपाण्याची. दोघांचं भांडण मिटवायचं, तर मारुतीच्या पारावर यायचं. थोरल्यानं तांब्यात पाणी घ्यायचं, मूठभर साखर टाकायची, गावानं एकदा नामाचा गजर करायचा, तेवढ्यात ती ढवळायची. विरघळली, की दोघांनी एकाच तांब्यातून प्यायचं. तळाशी दाणा उरला — तर समेट देवाला मान्य नाही!

अंबादासाची एकुलती लेक यमुना. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर. बापानं दार लावलं ते लावलंच. पुढं तिचा नवरा वारला, तिला खोकल्यानं धरलं, आणि ऐन पौषात कडेवर पोर घेऊन ती पारावर आली.

"आबा, माझं आता काही खरं नाही. मला घरात घेऊ नका. या पोरीला तेवढं पदरात घ्या."

गाव म्हणालं, "अंबादास, कर गोडपाणी!"

नाही कसं म्हणणार? चारचौघांत होता! त्यानं तांब्या घेतला, आणि मंडळी, पाणी कुठलं घेतलं? रात्रभर उघड्यावर थंडीत गारठलेल्या रांजणातलं! साखर टाकली, तीही जाड दाण्याची. गजर झाला. गजर चालला तेवढंच ढवळलं, बोटं बधिर झाली. आणि तळाशी? ढीग!

"बघा," तो म्हणाला, "देवालाच मान्य नाही."

अरे, जन्म पाकात गेला तुझा! तुला ठाऊक नव्हतं? ऊन पाणी साखर गिळतं, गार पाणी अडून बसतं. गार पाण्यातही विरघळते हो, पण कमी, आणि वेळ लागतो. तू वेळ दिला नाहीस, ऊबही दिली नाहीस. वर नाव कुणाचं घेतलंस? देवाचं!

यमुना त्याच चुलीपाशी वाढलेली. तिनं तांब्याला हात लावला. हळूच म्हणाली, "आबा, पाणी गार आहे."

एवढंच. पोर उचलली आणि गेली.

पाडवा जवळ आला. अंबादासानं पाकाला आधण ठेवलं. खळखळत्या पाण्यात साखर ओतली — गडप! आणखी ओतली — तीही गडप! हातातला झारा तसाच राहिला. "देवा, मी काय केलं!" म्हणून म्हातारा धाय मोकलून रडला. तांब्या घेतला, साखर घेतली, एक गाठी घेतली आणि लेकीच्या गावची वाट धरली.

दारात शेजारीण उभी. कडेवर नात.

"उशीर केलात, बाबा. होळीच्या आधीच गेली ती."

म्हाताऱ्यानं आत डोकावलं. आत चुलीवर पातेलं होतं, रिकामं.

शेजारीण म्हणाली, "पारावरून आली तशी रोज सकाळी पाणी तापवून ठेवायची. अंगात ताप असला तरी उठायची. म्हणायची, आबा आले तर गार पाण्याची सबब नको."

मृदंगवाले, थांबा जरा. इथं वाजवू नका.

अंबादासानं त्याच पातेल्यात पाणी तापवलं, तांब्यात ओतलं. साखर टाकली. ओठांवर देवाचं नाव पुरतं आलं नाही तोच विरघळली, तळ स्वच्छ! पण आता कुणाबरोबर प्यायचं? त्यानं गाठी नातीच्या गळ्यात घातली, तांब्या तिच्या तोंडाला लावला. पोरीला काय कळतंय? अर्धं प्यायली, आणि उरलेलं खाली ठेवून म्हणाली, "हे आईचं."

तो तांब्या तिथंच निवला, मंडळी. त्याला हात लावायची म्हाताऱ्याची छाती झाली नाही.

आता माझ्याकडं बघू नका. आपापल्या घराकडं बघा. भाऊ असेल, सून असेल, लेक असेल. "मी तर बोलायला गेलो होतो, तिलाच नको होतं," असं सांगत फिरता ना? गेला होतात खरं. पाणी कुठलं घेऊन गेला होतात?

उठा. घरी जा. ते माणूस आहे तोवर चूल पेटवा. बोला, पांडुरंग हरी!