दसूकीची शीळ

नाही, तू त्या उलट्या डब्यावरच बस, पोरी. खुर्ची एकच आहे आणि ती माझी आहे. धाप लागली असेल तर माठातलं पाणी पी, पण बोलू नकोस — काय बोलणार ते मला पाठ आहे. कबुतरं मागायला आलीस. सगळी नको, बुरईकाका, निदान वजीर तरी द्या, असंच ना? नाही मिळणार. उद्या सगळ्या इंबाबा मोहल्ल्यात हेच चघळतील, दसूकीची नगवा बुरईच्या गच्चीवर चढली म्हणून. बापानं तुला एवढंही शिकवलं नाही? हरलेल्यानं जिंकलेल्याच्या ढाबळीखाली येऊन उभं राहायचं नसतं, आणि लेकीला तर मुळीच पाठवायचं नसतं. दुसऱ्याचं कबुतर आपल्या थव्यात मिसळलं, आपल्या गच्चीवर उतरलं, की ते आपलं — कायदा आहे हा, पोलिसांचा नाही, आमचा. कोर्टात आम्हा कबुतरबाजांची साक्ष धरत नाहीत म्हणतात लोक. न धरू देत. आमचा कायदा आमच्यापाशी. त्यानं पाठवलं नाही म्हणतेस? बोलताच येत नाही त्याला, कसा पाठवेल — ठाऊक आहे मला, जिभेवरून वारं गेलंय, तोंड वाकडं झालंय. सगळी गल्ली सांगून गेली. त्यात माझा काय दोष? मी काय त्याच्या रक्तात शिरलो होतो?

बस. उठू नकोस. आलीच आहेस तर ऐकून जा.

पकडलं ते आपलं, हे खरं — एक दिवस सोडून. ज्या घरात मयत आहे त्या घराच्या कबुतराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. चुकून उतरलंच तर दाणा टाकायचा आणि हाकलून द्यायचं, बस्स. माझी अतियात गेली त्या दिवशी मी खाली होतो, मयतीच्या तंबूत, लोकांचे हात हातात घेत. इथे वर माझ्या मेव्हण्यानं — गाढव तो, अजून गाढवच आहे — कबुतरं फडफडतात, त्यांनाही कोंडल्यासारखं होत असेल म्हणून ढाबळीचं दार उघडलं. गेली वर. निशाण दाखवायला कुणी नाही, बोलवायला कुणी नाही. आणि तुझ्या बापानं काय केलं? सगळं माहीत असून, खाली कुराण चाललेलं कानावर पडत असून, आपला थवा सोडला आणि माझी नर्गिस उतरवून घेतली. दुसरी कुठली घेतली असती तर — नाही, तरी सोडलं नसतं, पण नर्गिस! अतियातच्या हातावर बसून खायची ती. अतियात मसूर चावून तिला तोंडानं भरवायची, पिल्लू होती तेव्हा. मला कधी एवढ्या प्रेमानं वाढलं नाही. आणि मग तुझ्या बापानं तिची पिसं बांधली, सवय होईपर्यंत कोंडली, आणि उडवायला लागला आपल्या थव्यात. रोज संध्याकाळी. इथून, ह्या खुर्चीतून, मी बायकोचं कबुतर बघायचो त्याच्या निशाणाखाली फिरताना. नर्गिस मरेपर्यंत बघितलं. आता सांग, वजीर मागतेस?

मी तेव्हाच ठरवलं. पण ठरवून काय होतं? तुझा बाप माझ्यापेक्षा चांगला कबुतरबाज होता, हे मी तुलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. वर्षं गेली नुसता दात खात बसण्यात. मग कुवेतहून थोरल्या पोरानं हा फोन पाठवला. मी तिसरीतून पळालेला माणूस, मला लिहायला कुठे येतं — पण ह्याला लिहावं लागत नाही, विचारावं लागतं. तोंडाजवळ धरायचा आणि विचारायचं. एकदा रागानं विचारलं, वारा कुठून येणार ते सांगणारं काही आहे का रे तुझ्यात? आणि ह्यानं दार उघडलं एक. फुकट. मला आधी वाटलं फसवतोय, नंतर कुणीतरी येईल पावती घेऊन. कुणी आलं नाही. नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. मग मला नाद लागला. असली शेकडो दारं आहेत ह्याच्यात, पोरी, कुणीतरी कुठेतरी बसून करून ठेवलीत आणि उघडी टाकून गेलीत — सूर्य कुठल्या घटकेला कुठल्या गच्चीच्या डोळ्यांत जाईल ते सांगणारं एक, डोक्यावरून चाललेलं विमान कुठल्या गावाचं ते सांगणारं एक, आणि एक फोटोतली माणसं पुसणारं. ते मी पहिलं कुणावर वापरलं? दसूकीवर. आमचा दोघांचा फोटो आहे, तरुणपणीचा, नदीकाठचा, नव्या कबुतरांची टोपली मध्ये ठेवून काढलेला. बोटानं त्याच्यावर रेघोट्या ओढल्या — गेला. त्याच्या जागी पाणी आलं, वर एक होडी आली. तिथे होडी नव्हती त्या दिवशी, पण आली, छान शिडाची. फक्त माझ्या खांद्यावरचा हात राहिला त्याचा. कितीही घासलं तरी जाईना. होडी पाण्यात, आणि माझ्या खांद्यावर एक हात, मालक नसलेला. दाखवू? नको. राहू दे.

तर वारा. त्या दारात वारा वाहताना दिसतो, खरोखर दिसतो, केस विंचरल्यासारखा, आणि जमिनीवरचा वेगळा, उंचावरचा वेगळा. आता आपल्याकडे वारा कसा बघतात? दोरीवरच्या कपड्यांवरून. तुझ्या आईची चादर नदीकडे उडाली की तुझा बाप थवा सोडणार, उलटी उडाली की थांबणार. सगळे हेच करतात, मीही जन्मभर हेच केलं. पण खमासीन, तो वाळवंटातला धुळीचा वारा, यायचा असतो ना, तेव्हा तो आधी वर वळतो. खाली चादर गप्प लोंबत असते आणि वर वाळवंट निघालेलं असतं. मी फोनात बघितलं — वर दक्षिणेचा वारा, तुमच्या गच्चीवरून सरळ माझ्या गच्चीकडे. चादरीकडे बघितलं — गप्प. माझी कबुतरं मी कोंडून ठेवली, आणि खुर्ची टाकून बसलो. तुझ्या बापानं सोडली. सगळी सोडली त्या दिवशी, वजीर पुढे. किती सुंदर चढली — खरं ते खरं, त्याच्यासारखा थवा चढवणारा आता उरला नाही — आणि वर गेली, आणि वाऱ्यानं उचलली. मग धूळ आली. पिवळी, तोंडात करकरणारी. हाताचं बोट दिसेना. धुळीत कबुतराला आपलं घर दिसत नाही, नुसतं ऐकू येतं, आणि ती बिचारी आवाजाच्या मागं मागं उतरली माझ्या —

वाऱ्यानं. वाऱ्यानं उतरली म्हणतोय.

काय बघतेस? बापासारखी बघू नकोस माझ्याकडे. हो, आवाज होता. विचारूनच टाक. ज्या फोनात वारा होता त्याच फोनात होता, गच्चीवरच्या भोंग्याला जोडून लावलेला. त्याची शीळ होती, तुझ्या बापाची, कबुतरं घरी बोलवायची. कित्येक संध्याकाळी मी हा फोन कठड्यावर ठेवून तुमच्या गच्चीकडे तोंड करून ठेवायचो. पहिल्यांदा काय आलं? नुसता बाजार. टुकटुकचे भोंगे, गॅसवाला नळकांड्यांवर पाना बडवतोय, खाली बायकांची भांडणं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी शीळ. मग ते दार सापडलं — आवाज निवडून देणारं. तांदूळ निवडतात तसं. गॅसवाला उचलून बाजूला, भांडण बाजूला, अल्लानं माफ करावं, असरची अजानही उचलून बाजूला ठेवली त्यानं, आणि मागे राहिली शीळ. एकटी, धुतल्यासारखी. दोन लांब, एक आखूड, आणि शेवटी फस्स करून हवा सुटते ती, कारण पुढचा दात नाही त्याला. तो दात मीच पाडला होता, मदरशात असताना, एका भोवऱ्यावरून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. वाटलं, आला वर.

हो, निशाणानं पकडायचं असतं, थव्यानं पकडायचं असतं. ठाऊक आहे मला. दुसऱ्याची शीळ चोरून पकडायचं नसतं, असं मात्र कुणी सांगितलेलं नाही, कारण आजवर कुणाला सुचलंच नाही. कहवाखान्यात बोलू नकोस हे. बोललीस तरी काय, मेलेल्या बाईच्या घरातून चोरी करणाऱ्याची शीळ चोरली, हिशेब — असो. धूळ बसली तेव्हा तो दिसला मला. निशाण हातात, मान वर. आकाशात काही नव्हतं. मग त्यानं इकडे बघितलं, माझ्या कठड्यावर ओळीनं बसलेली आपली पोरं बघितली. मला वाटलं होतं शिव्या देईल. मी तयारी करून ठेवली होती. त्यानं निशाण गुंडाळलं, आणि खाली गेला. आणि परत चढलाच नाही. पुढच्या जुम्याच्या आत पडला म्हणे अंथरुणावर.

आणि तरी मी सोडलं नाही, हे पण ऐकून जा. रोज दुपार कलली, असरची अजान झाली की मी तो भोंगा तुमच्या खिडकीकडे वळवतो आणि लावतो त्याचीच शीळ. मोठ्यानं. पडल्या पडल्या ऐकू दे. मी नर्गिस बघितली ना रोज? त्यानं आपली शीळ ऐकावी रोज, माझ्या गच्चीवरून, आणि कबुतरं माझ्याकडे उतरताना मनात बघावीत. काल तेवढी लावली नाही. काल मी अतियातकडे गेलो होतो, कबरीवर, पाणी शिंपायला. आजपासून परत —

काय? तेच सांगायला आलीस? शीळ बंद करा म्हणून? अगं मग आधी बोलायचं, एवढं ऐकून घेतलंस. नाही करणार बंद.

नाही? मग काय म्हणतेस? सावकाश बोल, मला ह्या कानानं कमी ऐकू येतं.

परत सांग.

काल का नाही वाजली, हे विचारायला आलीस?

… अजान झाली की तोंड खिडकीकडे करतो. बरं. ओठ पुढे काढतो. बोटं तोंडाशी नेतो, जो हात हलतो त्याची. आणि शीळ वाजते. म्हणजे त्याला वाटतं — त्या म्हाताऱ्याला वाटतं की तोच वाजवतोय — ? आणि मग जेवतो. तुझ्या हातून, मुकाट. आणि काल ओठ तसेच ठेवून बसून राहिला अंधार पडेपर्यंत, आणि घास घेतला नाही.

हसतो पण? त्या वाकड्या तोंडानं?

म्हणजे मी इथे उन्हात उभा राहून, भोंगा खांद्यावर वाहून, वीज जाळून सूड उगवतोय, आणि दसूकी तिथे माझ्या सुडावर भाकरी बुडवून खातोय. वा. जन्मभर हेच केलं त्यानं. काय करायचं ह्या माणसाचं? पुसून टाकतो. थांब, आत्ता, तुझ्यासमोर. एका बोटाचं काम आहे, ह्याच्यात सगळं एका बोटाचं काम आहे, जसं फुकट आलं तसं फुकट जातं —

हात सोड. सोड म्हणतो. नाही पुसलं.

नाही पुसलं गं.

ती शीळ तुझ्या फोनात घालून द्यावी म्हणतेस. नाही. ते मागू नकोस. वजीर ने, वाटल्यास आत्ता ने, पिशवी देतो, पिसं सोडून देतो त्याची — पण ही नाही. तुला समजणार नाही. अतियात माझ्याबरोबर राहिली सगळा जन्म, ह्याच गच्चीवर कपडे वाळत घालायची, नर्गिसशी बोलायची, मला ओरडायची — आणि तिचा एक शब्द नाही माझ्याकडे. एक खोकला नाही. तेव्हा असलं काही नव्हतं, किंवा असेल, मला ठाऊक नव्हतं. मी ह्याला विचारलं, ह्या फोनाला, सगळ्या दारांवर विचारलं, जे कधी धरून ठेवलं नाही ते निवडून देणारं काही आहे का. नाही म्हणतो. फोन भरलाय कशानं? तुझ्या बापाच्या शिळेनं. त्या चोराच्या. तेवढीच आहे माझ्याकडे, आणि तू तीपण —

डोळे पूस. आणि वजीर नको तर नको, जा. कठडा धरून उतर, खालची एक पायरी निखळलीय. त्याला काही सांगू नकोस, मी बोललो, तू आलीस, काही नाही. जाताना तेवढी खिडकी उघडी ठेव त्याची, काल रात्री बंद दिसली मला इथून.

जा आता. अजान व्हायला आली. मला काम आहे.