आमचे हे निवडणुकीला उभे आहेत

—नको, कागद एवढ्यात देऊ नकोस, हातात धरून बसले तर चुरगळायचा. आत माणूस आहे ना अजून? ते बघ, मत द्यायच्या आडोशाला टांगलेल्या घोंगडीखालून बूट दिसतायत. तो बाहेर आला की मग दे. तोवर मी इथे शेगडीजवळ बसते — तू बस, तू कशाला उठतोस! म्हातारी दिसली की उठायचं, हे तुझ्या आईने शिवलंय तुला, शिकवलंय म्हणजे — बघ, जन्मभर सुई धरली की तोंडातसुद्धा शिवणच येतं. चांगली आहे तुझी आई. पण ही टोपी कोणी दिली तुला? ही टोपी घालून इतक्या उत्तरेला पाठवलं म्हणजे सरकारला तू परत नकोच आहेस.

रांग कुठे गेली म्हणून बघतोस होय? अस्वलामागे गेली. कोणीतरी दारातून ओरडलं, अस्वल आलंय किनाऱ्यावर, की झालं — मतदान गेलं, सरकार गेलं, सगळे बाहेर. तुझा दुभाष्या तर सगळ्यांच्या पुढे. बंदूक घरी आणि हातात तुझी मतदारांची यादी! आता अस्वलाला नाव विचारणार, वय विचारणार, मग कागद-पेन्सिल हातात देणार. हस, हस. माझं एक अक्षर तुला कळत नाही, पण हसतोस छान. आणि भुवया वर करतोस, तेही छान. आमच्यात भुवया वर म्हणजे हो आणि नाक मुरडलं म्हणजे नाही — तोंड कशाला उघडायचं, थंडी आत जाते. मागच्या खेपेचा साहेब सारखी मान हलवायचा. मानेचं काय करायचं आम्ही? तू बरा आहेस. मघापासून सगळ्याला हो म्हणतोयस.

आत कोण आहे? बहिरा युआनासी असणार. दुसरं कोण अस्वल सोडून आत उभं राहील? त्याला ऐकूच गेलं नसेल. दोन नावं कागदावर, त्यातल्या एकापुढे खूण करायची, आणि हा बाबा सील वर येईल म्हणून बर्फातल्या भोकाशी ताटकळल्यासारखा उभा. बूट मात्र बघ त्याचे. माझे डोळे गेलेत आता, लांबून धूरच दिसतो, पण ती टाचेवरची पांढरी पट्टी — हात चांगला आहे शिवणारीचा. मी नाही शिवले त्याला. कोणी दिले असतील बुवा?

तर मी काय सांगत होते — मी येऊ की नको, अशी सकाळपासून घरात फेऱ्या मारत होते. का? अरे, कारण आमचे हे उभे आहेत. आमचे हे, म्हणजे माझा नवरा. ते नाही का कागदावर वरचं नाव — रिपिका. शाळेत लहान मुलांना शिकवतात. वय तेवीस. केस लांब, आवाज बारीक, मान कायम खाली. भुवया वर? हो तर, तेच! तुझ्या यादीत लिहिलं असेल मुलगी म्हणून, लिहू दे. हे गेले ते बावन्न साली, वसंतात, बर्फाच्या कडेवर शिकारीला. कड तुटली आणि यांना घेऊन समुद्रात गेली. तीन आठवड्यांनी शेजारच्या तंबूत मुलगी झाली. दूध पिईना, गप्प होईना. शेवटी म्हाताऱ्या दाईने तिच्या कानात यांचं नाव घेतलं — मी घेणार नाही, नवऱ्याचं नाव कोणी घेतं का! रिपिका हे कागदावरचं, ते चालतं — आणि पोर गप्प. डोळे उघडून सरळ माझ्याकडे बघितलं. आमच्यात गेलेल्याचं नाव बाळाला लागलं की तो माणूसच परत येतो. आता सांग, अजून काय पुरावा पाहिजे?

आणि सगळं तेच रे. उजवा बूट आधी घालायचा नाही, डावाच आधी. रस्सा संपला की भांड्याला कान लावून बघायचं, जणू तळातून कोणी हाक मारणार आहे. यांनी मला शिवणयंत्र आणतो म्हणून सांगितलं होतं लग्नात. नाही आणलं. पोरीने — यांनी, म्हणजे रिपिकाने — पहिला पगार झाला तेव्हा काय आणलं? शिवणयंत्र! मी म्हटलं, अहो, चाळीस वर्षं लागली का दुकानात जायला? तर मान खाली.

आणि समोर उभा कोण? पाउलुसी. माझा मुलगा. म्हणजे यांचाही मुलगाच ना, चाळीशीला आलेला, तो रिपिकाला बाबा म्हणतो. बाप विरुद्ध लेक, दुसरं कोणी मिळालं नाही गावाला. मागच्या आठवड्यात याच खोलीत सभा झाली, तू असायला हवा होतास. पाउलुसी उठला आणि म्हणाला, माझ्यापेक्षा बाबांना जास्त कळतं, इंग्रजीही येतं. बसला. मग हे उठले आणि म्हणाले, पाउलुसी माझ्यापेक्षा थोर शिकारी आहे, मला तर अजून नीट नेमही धरता येत नाही. बसले. झाली सभा! स्वतःला मत द्या म्हणायचं कसं, तोंड जळणार नाही? आम्ही चहा प्यायलो, वाळवलेलं मांस खाल्लं आणि घरी गेलो. इतकी सुंदर सभा दहा वर्षांत झाली नव्हती.

पण गाव रिपिकाचंच नाव घेतंय, बरं का. आणि खरं आहे. आमची पोरं शाळेत स्वतःच्या भाषेत बोलली की पूर्वी मार खायची. हे तिकडे यलोनाईफला, सरकारच्या गावी जाऊन, सभागृहात खुर्चीवर बसून सांगतील ते मोठ्या लोकांना, त्यांच्या भाषेत, हळू आवाजात — आणि हळू आवाजात सांगितलेलं जास्त ऐकू येतं. पाउलुसी काय सांगणार तिथे? वॉलरसची गोष्ट! पण तो गेला तर बिघडत काही नाही. त्याची बायको दोन महिने शांत झोपेल.

म्हणून मी पाउलुसीला मत देणार. भुवया वर कर ना. का नाही करत? अरे, आई आहे मी त्याची!

...बरं. तसं नाही. तुला कळत नाही म्हणून सांगते, आणि तो आत आहे तो तर बहिराच आहे. गेल्या महिन्यात हे माझ्याकडे आले, डावा बूट काढला, उजवा काढला, बसले, आणि म्हणाले, लोक नाव देतायत माझं, यलोनाईफला जावं लागेल. विमानाने. आठवडे आठवडे. जाऊ का? — आणि मी नाक मुरडलं. असं. कुत्र्याने घाण केल्यासारखं. हे बूट घालून गेले. लोकांनी नाव दिलंच. पण त्या दिवसापासून माझ्याकडे रस्सा प्यायला आले नाहीत.

सगळ्या गावाला ठाऊक आहे, बावन्न साली मी यांना अडवलं होतं. मी सांगितलंय ना सगळ्यांना — नका जाऊ म्हटलं, बर्फ पातळ आहे म्हटलं, ऐकलं का त्यांनी? पुरुषच तो. तेवीस वर्षं सांगतेय. पाउलुसीला सांगितलं, पाद्रीला सांगितलं, खुद्द यांनाही सांगितलं, मांडीवर घेऊन, हे चार वर्षांचे असताना — तुम्ही माझं ऐकलं नाहीत, बघा.

खोटं आहे ते. तीन दिवस वादळ होतं, तीन दिवस हे घरात, आणि आता पाउलुसी सांगतो तीच वॉलरसची गोष्ट, दर वेळी वॉलरस थोडा मोठा. माझं डोकं उठलं होतं. चौथ्या दिवशी वारा पडला, हे दाराशी बसून बूट चढवत होते, आणि म्हणाले, जाऊ का? आणि मी भुवया वर केल्या. जा. एवढंच. जा एकदाचे. टाचेचा टाका सुटलेला दिसत होता मला. म्हटलं, आल्यावर शिवू.

तू नको रे असा बघूस. पाणी डोळ्यात धुराने आलंय. तुमच्या शेगडीला खूप धूर आहे.

आता कळलं ना, का पाउलुसी? एकदा मी जा म्हटलं. पुन्हा माझ्याच हाताने, पेन्सिलने, कागदावर लिहून द्यायचं, जा म्हणून? घड्याळाचा काटा कुठे गेला बघ. सातला पेटी बंद करणार ना तू? युआनासी! अरे ए युआनासी! बाहेर ये, इथे म्हातारी माणसं — ओरडून काय उपयोग, बहिरा तो. तू जाऊन घोंगडी हलव जरा. हां. हां, आला बघ, ये इकडे, बघू तरी तुझे बूट कोणी शिव—

हे माझे टाके आहेत.

अहो.

किती वेळ उभे आहात तुम्ही आत?

...भुवया वर करून सांगू नका, कळलं मला. सगळं ऐकलंत. आणि हातात काय ते? कोरा? अहो, कागद अजून कोराच? तासभर आत उभं राहून एक खूण होईना? स्वतःच्या नावापुढे करायची लाज, आणि दुसऱ्याच्या नावापुढे करायला मन होत नाही, होय ना? सभेतच कळलं होतं मला. जन्म दोन झाले, अक्कल तीच.

जा परत आत. पाउलुसीच्या नावापुढे खूण करा, बापाला ते शोभतं. तुमच्या नावापुढे मी करते.

हो. ऐकलंत तेच. थांबा — आधी इथे बसा. तो डावा बूट काढा. काढा म्हणते ना! बघा, टाचेपाशी टाका उसवलाय, बोटाला लागतोय माझ्या. असे बूट घालून यलोनाईफला जाणार होतात? सुई आहे माझ्याजवळ, सुईशिवाय मी कुठे जाते? हालू नका. आणि रस्सा ठेवलाय घरी, रोजच ठेवत होते.

आणि तू, पेन्सिलवाल्या, कागद दे माझा. पेटी उघडी ठेव, टाका घालून होईपर्यंत सरकार थांबेल. आणि त्या भुवया खाली घे आता — किती वेळ हो म्हणशील!