मिरचीची चक्की अन् जळालेली मोटर

ऐका ना, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. ब्राह्मणपाऱ्यात मी मसाला चक्की चालवत होती अन् एका नव्या सरकारी कँटीनची पहिली मोठी ऑर्डर मले मिळाली होती. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातली जुनी मोटर घेतली. घरच्या लाइनीवर ती चालावी अन् तिचा वेग कमी-जास्त करता यावा म्हणून मिस्त्रीनं ड्राइव्ह जोडून दिला. पण मिरच्या टाकल्या का मोटर कण्हत बंद पडे.

मिस्त्री म्हणाला, "दीदी, मोटर जल गई."

"मग जळल्याचा वास काहून नाही येत?"

त्यानं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "भैया, आप समझाओ."

नवरा म्हणाला, "मले काय सांगता? आयटीआय तिनं केली आहे."

मी मेन बंद केलं, ड्राइव्हमधली साठलेली वीज उतरावी म्हणून दहा मिनिटं थांबली अन् मोटरवरचा डबा उघडला. आतल्या पितळी पट्ट्या चारशे चाळीस व्होल्टच्या जोडणीत होत्या, ड्राइव्ह देत होता दोनशे वीस. बिचारीले पुरी ताकदच मिळत नव्हती! पट्ट्या दोनशे वीसच्या जोडणीत बसवल्या, बटण दाबलं, मिरच्या टाकल्या. मोटर अशी घुमली का सगळे शिंकून राहिले.

मिस्त्री डोळे पुसत म्हणाला, "दीदी, गुढियारी में भी एक चक्की अटकी है. चलोगी क्या?"