पॅरिसातली आंघोळ

बायकोले सरप्राइज द्याचं असन तर आधी मले विचारत जा, लेकहो.

लग्नाले दोनच महिने झालते. मी नोकरीले जर्मनीत, तिथून शनिवार-रविवार आमी पॅरिसले गेलतो. "टॉवर संध्याकाळी पाहू, आधी एक खास जागा दाखवतो," म्हणून पूजाले मी एका जिन्यानं जमिनीखाली नेलं. पाहाच लागते असं वाचलतं, आत काय हाय ते वाचलंच नव्हतं.

अंधारात पूजानं भिंतीले हात लावला. हिरवा चुडा वाजला.

"अवो, हे दगड एवढे गुळगुळीत काहून?"

मी मोबाईलचा लाइट मारला. कवट्या! माणसाची हाडं, सरपणासारखी रचून ठेवलेली. लाखो लोकायची!

पूजानं झटक्यात हात मागं घेतला. "हनिमूनले मले मसनात आणलं तुमी?"

वर आल्याबरोबर तिनं खाली काढलेला कवट्यायचा फोटो घाटंजीले माह्या आईले पाठवला अन् फोन लावून माह्या हातात देला.

आई घाबरली. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही, आई. जुनी हाडं हायेत. लोकं तिकीट काढून पाह्यतात."

"तिकीट काढून? मसन? पहिले आंघोळ करा दोघंही. तवरक कायलेच हात लावू नका."

टॉवर राह्यला. हॉटेलात दोघंही न्हालो अन् आईले सांगाले फोन केला, तर बाबानं उचलला.

"तुही आई न्हाऊन राह्यली. फोटो पाह्यला ना तिनं! आता माहा नंबर हाय. फक्त तो फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकू नको, बापू. नळ आता पाच दिवसांनंच येईन."